थॉमस यंग

थॉमस यंग (१३ जून १७७३ – १० मे १८२९) हे इंग्लंडमधील वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रकाशाचा तरंगसिद्धान्त, स्थितिस्थापकतेचा यंग गुणांक आणि रोझेटा शिलेवरील प्राचीन ईजिप्शियन लिपीच्या उलगड्यातील वाटा यांमुळे ते ओळखले जातात. त्यांचे आरंभीचे संशोधन मात्र डोळ्याच्या समायोजन शक्तीविषयी, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तू आलटून पालटून स्पष्ट पाहण्याच्या क्षमतेविषयी होते.

जीवन

यंग यांचा जन्म सॉमरसेट परगण्यातील मिल्व्हर्टन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते थोरले होते. लंडन व एडिंबरा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १७९६ मध्ये त्यांनी जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाची पदवी मिळवली. पुढे ते केंब्रिजमध्येही शिकले. १८११ पासून ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्य होते.

समायोजनाचे मापन

नेत्रभिंगाचा आकार बदलल्यामुळे समायोजन घडते, असा निबंध यंग यांनी १७९३ मध्ये, वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढच्याच वर्षी ते सोसायटीचे सदस्य झाले. परंतु पारपटलाची वक्रता बदलते, असे प्रतिपादन एव्हरार्ड होम आदी ज्येष्ठांनी केल्यावर यंग यांनी आपले मत मागे घेतले.

तरीही त्यांनी प्रश्न सोडला नाही. समायोजन मोजण्यासाठी त्यांनी दृष्टिमापक या उपकरणात सुधारणा केली. दोन बारीक फटींतून एका रेषेकडे पाहिले असता ती दुहेरी होऊन एका ठिकाणी छेदलेली दिसते. तो छेदनबिंदू म्हणजे डोळा त्या क्षणी ज्या अंतरावर स्थिरावला आहे ते अंतर होय. स्वतःचा डोळा शिथिल असताना आडव्या दिशेने पसरणाऱ्या किरणांसाठी हे अंतर ७ इंच, तर उभ्या दिशेच्या किरणांसाठी १० इंच आढळले. या फरकातूनच दृष्टिवैषम्य या दोषाचे पहिले वर्णन झाले.

पारपटलाचा प्रश्न निकालात काढण्यासाठी त्यांनी भिंग बसवलेली पाण्याची लहानशी नळी डोळ्याला लावली. पाण्यामुळे पारपटलाचा प्रकाश वळवण्याचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. तरीही समायोजन पूर्वीइतकेच राहिले. नेत्रगोल लांबतो हा तर्कही त्यांनी गोल दोन्ही बाजूंनी दाबून धरून खोडून काढला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढलेल्या व्यक्तींमध्ये समायोजन आढळले नाही. नोव्हेंबर १८०० मधील बेकेरियन व्याख्यानात, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी सोडून दिलेले मत पुराव्यानिशी पुन्हा मांडले.

महत्त्व

भिंग स्वतःच स्नायूमय असते, ही यंग यांची समजूत टिकली नाही. भिंगाचा आकार समायोजी स्नायूंमुळे बदलतो, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये स्पष्ट केले. समायोजन शक्ती वयानुसार कशी घटते, याचे मापन पुढे नेदरलँड्समधील डाँडर्स यांनी केले. समायोजनाचे स्थान भिंगातच आहे, हा यंग यांचा निष्कर्ष मात्र आजही मान्य आहे.