विश्लेषण : दृष्टी नाही, तरी १३० हून अधिक ग्रंथ! गुलाबराव महाराजांचा अभ्यास कसा चालायचा?

परीक्षेच्या तोंडावर कॉलेजच्या ग्रुपवर नोट्सची पीडीएफ येते. बहुतेकांचं काम होतं. अंध विद्यार्थ्याचा मोबाइल मात्र गप्प राहतो. हिंगोलीच काय, कुठल्याही जिल्ह्यात हे घडू शकतं. ही अडचण समजून घ्यायला शेजारच्या विदर्भातले संत गुलाबराव महाराज यांचं चरित्र उपयोगी पडतं.

कोण होते गुलाबराव महाराज?

जन्म ६ जुलै १८८१, लोणी टाकळी, जिल्हा अमरावती. त्यांचं गाव माधान. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचं औषध पडलं आणि दृष्टी कायमची गेली. आईही लहानपणीच वारली, त्यामुळे काही वर्षं आजोळी गेली.

अभ्यास कसा केला?

ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि ऐकलेलं लक्षात ठेवत. वेदान्तापासून डार्विन, स्पेन्सरपर्यंतच्या विचारांचा त्यांनी परामर्श घेतला. मजकूर ते तोंडी सांगत, शिष्य लिहून घेत. अशा रीतीने १३० हून अधिक लहानमोठे ग्रंथ झाले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. २० सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. भारतीय भाषांसाठीची एकसमान ‘भारती ब्रेल’ लिपी १९५१ मध्ये, म्हणजे त्यानंतर ३६ वर्षांनी आली.

मग अडचण कुठे होती?

वाचून दाखवणारा माणूस नसेल, तर अभ्यास तिथेच थांबतो. महाराजांकडे शिष्य होते आणि विलक्षण स्मरणशक्ती होती. बी.ए. करणाऱ्या साध्या विद्यार्थ्याकडे या दोन्ही गोष्टी असतीलच असं नाही. पदवीसाठी कुणाला प्रज्ञाचक्षू असावं लागू नये.

आज कायदा काय सांगतो?

- २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने पुस्तकं ब्रेल, ऑडिओ अशा सुलभ स्वरूपात आणायला मुभा दिली.
- अशा पुस्तकांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, वर्ष २०१४.
- २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.

तरी मोबाइल गप्प का?

स्कॅन केलेलं पान म्हणजे फोनसाठी नुसता फोटो. त्यात अक्षरं नसतात, म्हणून टॉकबॅक किंवा एनव्हीडीएसारखं स्क्रीन रीडर वाचणार काय? जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला तो निरर्थक चिन्हांसारखा असतो.

उपाय काय?

नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा. पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्या. आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन लिहा. पाठवण्याआधी फाइलमधला एखादा शब्द शोधून पाहा. तो सापडला नाही, तर स्क्रीन रीडरलाही बहुधा ती फाइल वाचता येणार नाही.