सोलापूरचे वालचंद आणि 'लॉयल्टी' जहाज

नल्लकुंट्याच्या आमच्या घरात ताईची इंटिरिअर डिझाइनची परीक्षा म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. गेल्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर जुन्या आगबोटींच्या दिवाणखान्यांची चित्रं पसरलेली होती. कोरीव लाकूड, रंगीत काचा, झुंबरं. पहिल्या वर्गातल्या प्रवाशाला समुद्राचा विसर पडावा, आपण हवेलीत बसलोय असं वाटावं, हा कंपन्यांचा हिशेब. मी सहज विचारलं, असलं जहाज आपल्यातल्या कुणाचं होतं का गं? तिला माहीत नव्हतं, मलाही नाही. शोधलं तेव्हा वालचंद हिराचंद सापडले.

जन्म १८८२, सोलापूर, गुजराती जैन सावकारी घराणं. शिकायला मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. घरच्या पेढीत त्यांचं मन रमलं नाही. फाटक नावाच्या रेल्वेतल्या माजी कारकुनाला भागीदार करून ते रेल्वेचे कंत्राटदार झाले.

आता जहाज. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' १८९१ पासून व्हँकुव्हर आणि हाँगकाँगच्या दरम्यान धावत होतं. पांढरंशुभ्र, डौलदार. जागा पहिल्या वर्गात १२०, दुसऱ्यात ५०, आणि खाली ६००. म्हणजे सगळा थाट १२० जणांसाठी! १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ते विकत घेतलं, नाव 'लॉयल्टी' ठेवलं, आणि युद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी त्याचं तरंगतं इस्पितळ झालं. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी वगैरेंनी ते घेतलं, म्हणून तर कंपनीचं नाव सिंदिया. त्याच वर्षी ५ एप्रिलला ते मुंबईहून इंग्लंडला निघालं. आपल्या मालकीचं जहाज! क्विझमध्ये विचारतात तो राष्ट्रीय सागरी दिन याच तारखेचा.

खरं सांगायचं तर लॉयल्टीचा धंदा जमला नाही. जहाज जुनं, आणि समोर भाडी पाडणाऱ्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्या. १९२३ मध्ये ते मुंबईतच भंगारात गेलं. त्याच साली लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीशी करार करून सिंदियाला हिंदुस्थानच्या किनाऱ्यापुरतं राहणं कबूल करावं लागलं. माझ्या मते ही माघार कडू होती, पण ती घेतली नसती तर कंपनीच बुडाली असती.

वालचंद थांबले मात्र नाहीत. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले, तरी काम पुढे नेलं. १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंनी 'जल-उषा' पाण्यात सोडली. मालवाहू बोट ती, झुंबर वगैरे काही नाही. पुढे लवकरच पक्षाघाताने वालचंदांना गाठलं, आणि ८ एप्रिल १९५३ ला सिद्धपूरला ते गेले.

ताईच्या प्रोजेक्टमध्ये आता सलूनबरोबर खालच्या ६०० जणांचा डेकही आलाय. एवढ्या जागेत एवढी माणसं झोपवायची कशी, यावर ती दोन दिवस अडून बसली आहे.