पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील ह्यांचे चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी ज्यांनी देवळे उभारली, शाळा चालविल्या व दुष्काळात अन्न दिले, अशा उपकारकर्त्यांचे स्मरण आपण करीत असतो आणि ते योग्यच आहे. परंतु गरीब शेतकऱ्याला आपला पैसा आपल्याच गावात कसा राखावा व अडचणीच्या वेळी दुसऱ्याच्या दारी न जाता तो कसा वापरावा, हे ज्याने शिकविले, तोही उपकारकर्ताच होय. असा एक पुरुष आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, होऊन गेला. ते आपल्या धर्माचे नव्हते; तथापि त्यांच्या चरित्रातील बोध सर्व धर्मांच्या कष्टकरी लोकांना सारखाच उपयोगी आहे.

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील ह्यांचा जन्म प्रवरा नदीच्या खोऱ्यातील लोणी बुद्रुक ह्या गावी एका शेतकरी कुटुंबात नारळी पौर्णिमेच्या दिवशी झाला. म्हणूनच महाराष्ट्र शासन नारळी पौर्णिमा हा शेतकरी दिन म्हणून पाळते. त्यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले. परंतु नांगर, मोट, बाजार आणि सावकाराची वही ह्यांनी जे शिक्षण दिले ते त्यांनी जन्मभर विसरले नाही.

त्या काळच्या शेतकऱ्याची स्थिती कशी होती, हे समजल्यावाचून त्यांच्या कार्याची थोरवी कळावयाची नाही. पेरणीस बी हवे, बैल मेला तर बैल हवा, मुलीचे लग्न निघाले तर लुगडे-चोळी हवी. आणि पीक येण्यास तर अद्याप सहा महिने अवकाश. अशा वेळी गावात पैसा देणारा एकच, तो म्हणजे सावकार. कर्ज लिहावयाचे त्याने, हिशेब ठेवावयाचा त्याने आणि व्याज मोजावयाचेही त्यानेच. अंगठा उठविणाऱ्या मनुष्याला आपण किती फेडले व किती राहिले हे कळण्याचा मार्ग नसे. ह्या जाचाला कंटाळून 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यातील गावांतही पोहोचले. सरकारने चौकशी केली व 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाकरिता कायदाही केला. परंतु रोखा जाळल्याने किंवा कोर्टाने आवर घातल्याने बी-बियाण्यास पैसा मिळत नाही. सावकाराची जागा घेईल अशी दुसरी व्यवस्था निर्माण झाल्यावाचून सावकारी हटणे शक्य नव्हते.

ही दुसरी व्यवस्था जर्मनीत जन्मास आली होती. फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन नावाच्या एका नगराध्यक्षाने 1846-47 च्या उपासमारीत गरिबांना धान्य व भाकरी मिळवून दिली. पुढे अनुभवाने त्याच्या ध्यानात आले की, श्रीमंतांच्या दानाने एक हिवाळा निभावतो, परंतु कर्ज फिटत नाही. म्हणून 1864 मध्ये हेडेसडोर्फ येथे त्याने शेतकऱ्यांचीच कर्जसंस्था स्थापिली. एका गावाची अथवा एका धर्मग्रामाची मंडळी एकत्र येत, आपली लहान लहान बचत एका पेटीत ठेवीत आणि त्यातून एकमेकांच्या जामिनावर कर्ज देत. मद्रास सरकारच्या सांगण्यावरून फ्रेडरिक निकल्सन ह्या अधिकाऱ्याने ह्या पद्धतीचा अभ्यास करून 1895 ते 1897 ह्या काळात आपला अहवाल सादर केला. त्यानंतर 1904 मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला व 1912 मध्ये तो अधिक व्यापक करण्यात आला.

कायदा झाला, तरी तो गावात आणावयास गावचाच मनुष्य लागतो. लोणी गावी ते काम विठ्ठलरावांनी केले. 1923 मध्ये त्यांच्या पुढाकाराने लोणी बुद्रुक सहकारी पतपेढी स्थापन झाली. पुढे त्यांच्या नावाने जे जे मोठे कार्य ओळखले जाते, त्या सर्वांचे बीज ह्या लहानशा पतपेढीत आहे.

पतपेढी व पेढीवाल्यांची बँक ह्यांत भेद कोणता, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बँकेत पैसा ठेवणारा हा गिऱ्हाईक असतो; पतपेढीत तो सभासद, म्हणजे मालक असतो. बँकेचा नफा भागधारकांच्या घरी जातो, मग ते मुंबईस राहोत की विलायतेस. पतपेढीचा नफा राखीव निधीत पडून पुढल्या वर्षी गावाच्याच उपयोगी येतो. बँकेत ज्याचे भाग अधिक त्याचा शब्द अधिक. पतपेढीत एका मनुष्यास एकच मत, मग त्याची जमीन शंभर एकर असो वा दोन एकर. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, बँक मनुष्याची मालमत्ता पाहते, पतपेढी मनुष्य पाहते. हा माणूस उद्योगी आहे की आळशी, शब्दाचा पक्का आहे की नाही, घेतलेले कर्ज बियाण्यात जाईल की दारूत, हे शहरातील कारकुनास कसे कळावे? शेजाऱ्यास मात्र ते विचारावे लागत नाही. ज्याच्यापाशी गहाण टाकण्यास सोने नाही, त्याला त्याचे शीलच तारण म्हणून उपयोगी पडावे, हा ह्या संस्थेचा मूळ हेतू होय.

परंतु ह्या सोयीबरोबर जबाबदारीही येते. त्या काळच्या शेतकी सोसायट्यांची जबाबदारी बहुधा अमर्याद असे. एकाने बुडविले तर ते सर्वांस भरावे लागे. त्यामुळे कर्ज देताना प्रत्येक सभासद डोळ्यांत तेल घालून पाही व वसुलीच्या वेळी प्रत्येकाला स्वतःची लाज राखावीशी वाटे. कर्ज वेळेवर फेडणारा मनुष्य केवळ आपलेच हित करीत नाही, तर पाठीमागच्या सभासदाला मिळावयाचा पैसा मोकळा करतो, ही जाणीव अशा पतपेढ्यांनी खेड्यापाड्यांत रुजविली.

आपल्या समाजातही ह्याच काळात असे प्रयत्न झाले, ह्याचा येथे उल्लेख करणे उचित होईल. छोटा नागपुरात येशूसंघीय धर्मगुरू जॉन बॅप्टिस्ट हॉफमन ह्यांनी आदिवासी बांधवांकरिता 1909 मध्ये कॅथोलिक सहकारी पतसंस्था काढली. आपल्या मराठी भाषिक वसईत 1918 मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने अशीच संस्था निघाली आणि वाढत वाढत ती बॅसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सारांश, लोणीचा शेतकरी व वसईचा धर्मगुरू हे दोघे एकाच वाटेने चालले होते.

आता पुन्हा विठ्ठलरावांकडे वळू. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शेतात खेळू लागले. ऊस पिकू लागला, परंतु गुळाचा भाव शेतकऱ्याच्या हाती नव्हता व साखरेचे कारखाने खाजगी भांडवलवाल्यांचे होते. शेतकऱ्यांनी आपलाच कारखाना काढावा, असा विचार पुढे आला. 1945 मध्ये बेलापूर रोड येथे बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे होते. त्या विद्वान अर्थशास्त्रज्ञाची व ह्या अल्पशिक्षित शेतकऱ्याची जोडी जमली, हे महाराष्ट्राचे भाग्यच म्हटले पाहिजे. विठ्ठलराव गावोगाव हिंडून भाग गोळा करू लागले. कारखाना म्हणजे लाखो रुपयांचा व्यवहार. तो शेतकऱ्यांना कसा पेलणार, असे म्हणून हसणारे लोक थोडे नव्हते. परंतु ज्या मनुष्याने वर्षानुवर्षे पतपेढीचा हिशेब चोख ठेवला होता, त्याच्या हाती पैसा देण्यास लोकांना भय वाटले नाही. मुंबई राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांनीही साह्य केले. मंत्री होण्यापूर्वी त्यांनी प्रांतिक सहकारी बँकेचे व्यवस्थापन अनेक वर्षे केले असल्याने, गावच्या सोसायटीची किंमत त्यांना सांगावी लागली नाही. 1950 च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. गाडगीळ अध्यक्ष झाले व विठ्ठलराव त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

त्यांच्या मागून महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांगच लागली. 1961 मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनी प्रवरानगरास भेट दिली व त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री हा किताब मिळाला. कारखान्याच्या आश्रयाने प्रवरा परिसरात शाळा निघाल्या व रुग्णालय उभे राहिले. 27 एप्रिल 1980 रोजी त्यांनी देह ठेवला.

येथवर चरित्र झाले. परंतु बीड जिल्ह्याच्या वाचकाने ते येथेच मिटून ठेवणे बरे नव्हे. प्रवरा व गोदाकाठच्या ह्या कारखान्यांचा ऊस कोण तोडतो? दसरा-दिवाळी आटोपली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी इकडील बिऱ्हाडे कोयते घेऊन निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती पोटाला, औषधाला, लग्नाला खर्चही झालेली असते. मग उचल फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा आणि फिटली नाही तर पुढल्या हंगामाशी बांधून घ्यावयाचे. सावकाराच्या वहीची जागा मुकादमाच्या वहीने घेतली, एवढाच फरक. ऊस पिकविणाऱ्याला पतपेढीने मोकळे केले. ऊस तोडणाऱ्याला मोकळे करणे अद्याप राहिले आहे. हे उणे दाखविल्याने विठ्ठलरावांचा मोठेपणा कमी होत नाही. त्यांनी दाखविलेली वाट कोठून पुढे न्यावयाची, ते त्यावरून कळते.

दुसरी गोष्टही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. 2023 पासून आपल्या जिल्ह्यात काही बहुराज्य पतसंस्थांची दारे बंद झाली आणि हजारो ठेवीदारांचा घामाचा पैसा अडकला. जास्त व्याजाच्या लोभाने ज्यांना आपण ओळखत नाही, ज्यांची सभा आपण कधी पाहिली नाही, अशांच्या हाती ठेव दिली, तर नाव पतसंस्थेचे असले तरी ती लोणीची पतपेढी होत नाही. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, आजच्या कायद्याने पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवीला तसे संरक्षण नाही. म्हणून पतसंस्थेचे संरक्षण तिच्या सभासदांनीच करावयाचे असते.

ते कसे करावे, हे कठीण नाही. कर्ज कोणाला दिले व किती थकले, हे वार्षिक सभेत जाऊन विचारावे. लेखापरीक्षकाचा अहवाल वाचावा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचवून घ्यावा. पिग्मीचा पैसा देताना पावती घ्यावी व पासबुकात नोंद झाली की नाही ते पाहावे. इतरांहून फार मोठे व्याज कोणी देऊ लागला तर आनंद न मानता शंका घ्यावी. आयुष्याची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. रोजच्या गरजेपुरता व्यवहार गावच्या ओळखीच्या पतपेढीत करावा आणि म्हातारपणची शिदोरी विम्याचे संरक्षण असलेल्या बँकेत ठेवावी, ह्यात पतपेढीचा अपमान नाही. आणि घेतलेले कर्ज मुदतीत फेडावे, कारण ते पैसे शेजाऱ्याचे आहेत.

विठ्ठलरावांपाशी आरंभी ना विद्या होती, ना भांडवल. त्यांनी आपल्या गावच्या लोकांवर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाचा हिशेब वेळच्या वेळी लिहून ठेवला. ज्या धर्मग्रामात माणसे एकमेकांस नावाने ओळखतात, एकमेकांच्या सुखदुःखास धावून जातात, तेथे अशा पतपेढीचा पाया अर्धा घातलेलाच असतो. उरलेला अर्धा प्रामाणिक वहीने घालावयाचा आहे. येत्या हंगामात आपल्यापैकी एक जरी कुटुंब उचल न घेता, आपल्याच बचतीच्या बळावर कोयता उचलील, तर हे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे समजावे.