लोकांना वाटलं बोटीत माकड लपलंय, पण टेस्लाच्या त्याच बोटीत आजच्या रिमोटच्या विमानाची सुरुवात होती

जत्रेतून एकाच दुकानातल्या रिमोटच्या दोन गाड्या आणल्या की काय होतं, हे घरात लहान पोरं असलेल्या प्रत्येकाला माहितीय. एका रिमोटचं बटण दाबलं की दोन्ही गाड्या पळतात आणि भांडण सुरू होतं.

गाडी भिंतीवर आपटली तर फार तर चाक निघतं. पण हेच हवेत झालं तर?

समजा, महाडजवळच्या दासगावात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात कुणीतरी रिमोटचं विमान उडवतंय. एका अंगाला सावित्रीची खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि गावाजवळून जाणारा मुंबई-गोवा हायवे. विमान झकास चाललंय आणि अचानक ऐकेनासं होतं. खाली उभा असलेला माणूस रिमोटच्या दांड्या फिरवतोय, विमान मात्र आपल्याच तंद्रीत. आता ते शेतात पडणार, खाडीत जाणार की रस्त्यावर, हे नशिबावर.

या छंदातली मुरलेली माणसं अशा वेळी ठरलेले प्रश्न विचारतात. दुसऱ्या कुणाचा सिग्नल मध्ये घुसला का? अँटेना नीट होती का? बॅटरी बसली का? विमानातला रिसिव्हर नक्की आपल्याच रिमोटचं ऐकत होता ना?

यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. रिमोट कंट्रोलचा बाप मानला जातो त्या निकोला टेस्लालाच तो पडला होता, आणि त्यानं त्याचं उत्तरही शोधलं होतं.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. आजच्या क्रोएशियातलं स्मिल्यान हे त्याचं गाव, वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू. १८८४ मध्ये तो अमेरिकेत आला, काही महिने एडिसनकडे नोकरी केली, मग बाहेर पडला. घराघरात येणारी एसी वीज लांबवर नेण्याच्या कामात त्याचा वाटा किती मोठा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यावर इथं वेळ घालवायला नको.

गोष्ट सुरू होते त्यानंतर. मार्च १८९५ मध्ये त्याच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगशाळेला आग लागली आणि यंत्रं, टिपणं, सगळं जळून गेलं. त्यानं नव्या जागेत पुन्हा मांडामांड केली. डोक्यात होत्या बिनतारी लहरी. हा विषय तेव्हा जगभर तापला होता. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी त्याच काळात अशा लहरींनी लांबवरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. मार्कोनीला तारेशिवाय संदेश पाठवायचे होते. टेस्लाला वाटलं, लहरींनी संदेश जातो तर हुकूमही जाईल.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथं टेस्लानं पाण्याच्या टाकीत चारेक फूट लांबीची बोट सोडली. तिच्याकडे जाणारी एकही तार नव्हती. आत बॅटरी, मोटर, सुकाणू आणि वर दिवे. टेस्ला लांब उभा राहून पेटीवरची दांडी फिरवायचा आणि बोट वळायची, थांबायची, दिवे लावायची. तो प्रेक्षकांना बोटीला प्रश्न विचारायला सांगायचा. कुणी ६४ चं घनमूळ विचारलं की बोटीचे दिवे चार वेळा लुकलुकायचे. दिवे अर्थातच टेस्ला लावत होता.

लोक चक्रावले. कुणाला जादू वाटली, कुणाला वाटलं हा मनाच्या शक्तीनं बोट हाकतोय. आत शिकवलेलं माकड बसवलंय, असाही तर्क निघाला. हसू येतं खरं, पण रेडिओ हा शब्दसुद्धा ज्यांच्या बोलण्यात नव्हता, त्यांनी दुसरं काय समजायचं? पेटंट कार्यालयाचाही विश्वास बसेना. तिथला मोठा परीक्षक न्यूयॉर्कला आला, बोट डोळ्यांनी बघितली, तेव्हा नोव्हेंबर १८९८ मध्ये पेटंट मिळालं. त्याचा क्रमांक ६१३८०९.

आता आत काय होतं ते बघू. लहर पकडायला तेव्हा कोहेरर नावाची नळी वापरायचे. तिच्यात धातूचा कीस भरलेला. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि नळीतून वीज वाहते. पण एकदा चिकटला की आपोआप सुटत नाही, म्हणजे पुढचा इशारा कळत नाही. बाकीचे लोक नळीला टिचकी मारायची सोय करायचे. टेस्लानं प्रत्येक इशाऱ्यानंतर नळी उलटी फिरेल अशी व्यवस्था केली. प्रत्येक इशाऱ्याला आतली चकती एक पाऊल पुढे सरकायची आणि त्यानुसार सुकाणू किंवा मोटर चालायची.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. कोहेररला आपलं-परकं कळत नाही. वळवाच्या विजा कडाडल्या की जुन्या रेडिओत खरखर यायची, तसंच हे. कुठलीही ठिणगी त्याला हुकूम वाटू शकते. आणि आतली चकती एक पाऊल जास्त सरकली, तर चालवणारा समजणार डावीकडे आणि बोट जाणार उजवीकडे.

म्हणून टेस्लानं पाठवणारं आणि ऐकणारं यंत्र एकाच कंपनसंख्येला जुळवलं. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिला तर जात नाही, तसं. यालाच ट्यूनिंग म्हणतात. पण शत्रूनं नेमकी तीच कंपनसंख्या हुडकून काढली तर? टेस्ला ही बोट युद्धात वापरायचं म्हणत होता, त्यामुळे हा प्रश्न हवेतला नव्हता. त्यानं एका कुलपाला दोन किल्ल्या लावल्या. दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे इशारे एकाच वेळी आले तरच यंत्र हलेल, एकट्यादुकट्या इशाऱ्याला दाद देणार नाही. या कल्पनेची पेटंटं त्याला १९०३ मध्ये मिळाली.

बोट मात्र कुणी विकत घेतली नाही. त्याच १८९८ मध्ये अमेरिका स्पेनशी लढत होती आणि माणसाशिवाय चालणारा पाणतीर समोर तयार होता. तरी वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याला टेस्लानं हे सांगितलं तेव्हा तो चक्क हसला. पेटंटची १७ वर्षांची मुदत १९१५ मध्ये संपली. तोवर युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं आणि दूरवरून चालणाऱ्या यंत्रांवर इतर लोक काम करायला लागले होते.

मधल्या काळात टेस्लानं वॉर्डनक्लिफला प्रचंड मनोरा उभारायला घेतला. जे. पी. मॉर्गननं दीड लाख डॉलर दिले, पुढचे दिले नाहीत. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिकपार सिग्नल पोचल्याचं जाहीर केलं आणि टेस्लाचा मनोरा अर्धवट राहिला. माणूस हुशार होता, पण एक काम पक्कं करून विकण्याआधीच दुसऱ्या, त्याहून मोठ्या स्वप्नामागे धावायचा. याचा दोष फक्त मॉर्गनवर टाकता येत नाही.

कल्पना मात्र मेली नाही. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी बिग गफ नावाचं मॉडेल विमान रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या जमान्यातल्या अनेक विमानांत रबरबँडच्या ताणावर सुकाणू एकेक टप्पा सरकायचं. बटण दाबलं की एक पाऊल, अगदी टेस्लाच्या चकतीसारखं. पुढे क्रिस्टलवाले रिमोट आले. एका चॅनेलवर एकानंच उडवायचं, म्हणून मैदानात बोर्ड असायचा. आपल्या चॅनेलचा चिमटा हातात आल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. कुणी विसरून चालू केला की दुसऱ्याचं विमान जमिनीवर.

१९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी पाणतीरासाठीच पेटंट घेतलं. कंपनसंख्या सतत बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला पकडता येणार नाही. साधारण २००५ नंतर विमानांच्या रिमोटमध्ये २.४ गिगाहर्ट्झची पद्धत आली, ती याच जातीची. बरेच रिमोट चॅनेल बदलत राहतात आणि प्रत्येकाची स्वतःची ओळख असते. ती ओळख रिसिव्हरला शिकवणं म्हणजे बाइंड करणं. शेजारी दहा जण उडवत असले तरी विमान आपल्याच मालकाचं ऐकतं. टेस्लाच्या दोन किल्ल्यांचं काम आता ही ओळख करते.

मग दासगावातलं ते विमान का सुटलं असेल? या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की तुटतात. ओल्या झाडीतही कमजोर होतात. अँटेनाचं टोक थेट विमानाकडे धरलं तर त्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो, त्यामुळे ती आडवी ठेवायची. रिसिव्हरच्या अँटेना कार्बन फायबरच्या आड दडल्या तरी तोच परिणाम. आणि पुष्कळदा सिग्नलचा दोष नसतोच. सगळे सर्वो एकदम ओढ घेतात, बॅटरीचा दाब पडतो, रिसिव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होतो. खालून बघणाऱ्याला वाटतं रिमोट तुटला. खाडीच्या खारट हवेत जोडण्यांना गंज चढला तर हे आणखी लवकर होतं. म्हणून उडवण्याआधी रिमोट कमी ताकदीवर टाकून साधारण तीस पावलं लांब जायचं आणि सगळं हलतंय का बघायचं. सिग्नल गेला तर मोटर बंद व्हावी, हे फेलसेफही तेव्हाच तपासायचं, पंखा काढून. चालू करताना आधी रिमोट, मग विमान. बंद करताना उलट.

टेस्लाची शेवटची वर्षं हॉटेलांच्या थकलेल्या बिलांत आणि कबुतरांना दाणे टाकण्यात गेली. ७ जानेवारी १९४३ ला हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो ८६ व्या वर्षी वारला. तो १८९१ पासून अमेरिकेचा नागरिक होता, तरी परक्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी खात्यानं त्याच्या पेट्या ताब्यात घेतल्या.

जून १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रेडिओचा जनक टेस्ला असल्याचं जाहीर केलं, असे फॉरवर्ड फिरत असतात. निकाल तसा नव्हता. मार्कोनीच्या ट्यूनिंगच्या पेटंटमधले महत्त्वाचे दावे न्यायालयानं रद्द केले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम त्याच्या आधीचं होतं. टेस्लाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.