नियम एक, शिट्ट्या अनेक

दोन बाजारांतील भावांची तुलना करावयाची तर दोन्हीकडील माप एकच आहे ना, हे आधी पाहावे लागते. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ‘परिषद’ नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि कोणती परिषद बलाढ्य, हा वाद तेथे शतकाहून अधिक काळ चालत आला आहे. मापाची चौकशी मात्र क्वचितच होते. अमेरिकन फुटबॉलचा जनक मानला जाणारा वॉल्टर कँप याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक ठरावे.

कँपचा जन्म १८५९ मध्ये कनेक्टिकट राज्यात झाला. येल विद्यापीठाचा हा खेळाडू पुढे घड्याळांच्या कारखानदारीत शिरला. परंतु त्याचे मन खेळाच्या नियमांत गुंतलेले राहिले. रग्बीतील झोंबाझोंबीच्या जागी चेंडू एका पक्षाच्या निर्विवाद ताब्यात देणारी रचना १८८० मध्ये आली, ती त्याच्याच आग्रहामुळे. एक पक्ष चेंडू दाबून बसू लागला, तेव्हा १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्डांची अट घालण्यात आली. त्याच्या मार्गदर्शनाखाली १८८८ ते १८९२ या काळात येलने ६७ सामने जिंकले आणि केवळ २ गमावले.

नियम कागदावर राहतात. मैदानावर येतो तो पंच. आरंभीच्या काळात उभय पक्ष आपापला निर्णायक आणीत आणि तो न्यायदानाऐवजी वकिलीच करी. पुढे तटस्थ पंच आले, तरी त्यांची नजर एकसारखी झाली नाही. १९०५ मध्ये खेळातील मृत्यूंनी देश हादरला, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना पाचारण केले. त्यांत कँपही होता. ठोसेबाजीला नियमांत बंदी होतीच. उणीव होती ती अंमलबजावणीची.

कँपचे दुसरे कार्य म्हणजे देशातील सर्वोत्तम अकरा खेळाडूंची वार्षिक निवड. १८८९ च्या पहिल्या यादीतील अकराही जण वरील तीन विद्यापीठांचेच होते. शिकागोच्या परिसरातील, म्हणजे त्या काळच्या ‘पश्चिमेकडील’ विद्यापीठांनी १८९५ पासून आपली परिषद उभारण्यास आरंभ केला. पण तेथील पहिला खेळाडू कँपच्या यादीत आला तो १८९८ मध्ये. यात दुष्टाव्याचा भाग नव्हता. जे डोळ्यांसमोर घडे ते मोठे दिसे, आणि दूरचे संघ परस्परांशी क्वचितच खेळत. १९१३ मध्ये इंडियानातील नोत्र दाम या, कोणत्याही मोठ्या परिषदेत नसलेल्या संस्थेने लष्करी अकादमीच्या संघास ३५-१३ असे हरविले, तेव्हा पूर्वेकडील जाणकार चकित झाले.

१९२५ च्या मार्चमध्ये नियम समितीच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला आलेला कँप झोपेतच निवर्तला. पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांची गुणपद्धती राष्ट्रीय मानांकनासाठी वापरात आली. बलवान संघावरील विजयास ३० गुण, दुर्बलावरील विजयास २०, आणि बलवानाकडून पत्करलेल्या पराभवासही १५. प्रतिस्पर्ध्याचे बळ लक्षात घेणारी ही रीत कँपच्या नजरेहून अधिक न्याय्य होती. तथापि पंचाची शिट्टी तिच्याही हिशेबात आली नाही.

ज्या परिषदेचे पंच धसमुसळेपणाकडे काणाडोळा करतात, तिच्या नावावर दंड कमी दिसतात. ती शिस्त नव्हे. कडक पंचांच्या परिषदेतील संघ कागदावर उगाच उनाड ठरतो. परिषदांनीच आपापल्या सामन्यांसाठी पंच नेमण्याची प्रथा आजही बव्हंशी कायम आहे. एक नियमावली देणे कँपला साधले. एक नजर देणे कोणा एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. पंच सर्व परिषदांत आळीपाळीने फिरविले जात नाहीत, तोवर परिषदांच्या बलाबलाचे आकडे जपूनच वाचावेत, हे बरे.