भास्कराचार्यांचं जन्मवर्ष उलटं का वाचावं लागतं? आणि तुमच्या मोबाईलचा त्याच्याशी काय संबंध?

मानखुर्द स्टेशनबाहेरच्या एका दुकानात काकांनी हिशोब सांगितला, अठ्ठेचाळीस. मी मोबाईलवर टाईप केलं ८४. इंग्रजी माध्यमात शिकल्यावर दुसरं काय होणार! पण दोष सगळा माझा नाही. अठ्ठेचाळीस बोलताना आठ आधी येतो, चाळीस नंतर. लिहिताना बरोबर उलटं. एकशे अठ्ठेचाळीस म्हटलं तर शंभर आधी, मग आठ, मग चाळीस. म्हणजे आपण एकाच आकड्यात मधूनच दिशा बदलतो.

कॉम्प्युटरच्या जगात या भानगडीला एंडियननेस म्हणतात. आणि एका मराठी मुलखातल्या गणितज्ञाचं जन्मवर्ष समजून घ्यायचं असेल, तर हीच भानगड आधी सोडवावी लागते. ते म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जलविड हे त्यांचं गाव. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी, तेच गुरू. जन्मवर्ष भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय, पण आकड्यांत नाही, शब्दांत. तेव्हा ग्रंथ श्लोकांत लिहायचे आणि आकडे वृत्तात बसवणं कठीण. म्हणून शब्द ठरलेले होते. रस सहा, म्हणजे सहा. गुण तीन, म्हणजे तीन. पूर्ण म्हणजे शून्य. मही, पृथ्वी, एकच, म्हणून एक. भास्कराचार्यांनी याच क्रमाने शब्द ठेवले: सहा, तीन, शून्य, एक.

सरळ वाचलं तर ६३०१. ते शक वर्ष अजून उजाडलेलंच नाही! कारण नियम असा की पहिला शब्द एककाचा, पुढचा दशकाचा. डावीकडे सरकत लिहायचं. मग येतं १०३६.

आता हाच १०३६ तुमच्या कॉम्प्युटरमध्ये टाकू. मेमरीच्या एका घरात, म्हणजे एका बाइटमध्ये, ० ते २५५ एवढंच मावतं. म्हणून १०३६ ला दोन घरं लागतात. २५६ चे चार गट, म्हणजे १०२४, आणि वर १२. मोठा भाग आधी ठेवला तर घरांत ४, १२ असं दिसेल. हे बिग एंडियन. लहान भाग आधी ठेवला तर १२, ४. हे लिटल एंडियन. इंटेलचे प्रोसेसर आणि आजचे बहुतेक मोबाईल लिटल एंडियन पद्धतीने चालतात. इंटरनेटच्या नियमांत मात्र मोठा भाग आधी. त्यामुळे मोबाईलमधून बाहेर पडताना पत्ता, पोर्ट असे आकडे उलटवावे लागतात. प्रोग्रामर ते विसरला, तर १०३६ पलीकडे ३०७६ म्हणून पोहोचतो.

(नावांची गंमत वेगळीच. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ च्या गलिव्हरच्या प्रवासात लिलिपुटचे लोक अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावर भांडतात. डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने १९८० मध्ये ती नावं उचलून या वादाला चिकटवली.)

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. हे वयही त्यांनी शब्दांतच सांगितलंय, रस आणि गुण. सहा, तीन. इथे मला खरी धास्ती वाटते. ६३०१ ची चूक लगेच पकडली जाते, पण कोणी ३६ ऐवजी ६३ वाचलं असतं तर? ग्रंथ ११७७ चा ठरला असता. आणि कोणाला संशयही आला नसता, कारण ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिलंच आहे. एंडियननेसचे बग असेच असतात. प्रोग्राम बंद पडत नाही, चुकीचा आकडा निमूटपणे पुढे जातो.

लीलावतीत याहून भारी नमुना आहे. वर्तुळाचा परीघ काढायला व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागायला सांगितलंय, म्हणजे पाय आला ३.१४१६. त्यातला ३९२७ तीन शब्दांत बसवलाय: नक्षत्रांवरून २७, नंद ९, अग्नी ३. क्रम उलटवा, ३, ९, २७. पण २७ चे ७२ करायचे नाहीत! शब्दांचा क्रम उलटतो, शब्दाच्या पोटातला आकडा तसाच राहतो. १२५० चंही तेच: शून्य, पाच आणि सूर्यांचे बारा. लिटल एंडियन मशीनमध्येही बाइटचा क्रम उलटतो, बाइटच्या आतले बिट वाचताना उलटवायचे नसतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नवशिके इथेच घसरतात.

लीलावती ही त्यांची मुलगी, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या काळातला पुरावा तिला नाही.

पुरावा आहे तो नातवाचा. मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात, शेवट जुन्या मराठीत.

विज्जलविड नेमकं कुठलं, यावर अजून वाद चालू आहे. कोणी पाटण्याच्या आसपास म्हणतं, कोणी विजापूर. गावाचं नाव सरळ लिहिलंय तरी सापडत नाही, आणि उलटं लिहिलेलं वर्ष मात्र पक्कं आहे.