निकोलाय वाविलोव्ह

निकोलाय इव्हानोविच वाविलोव्ह (२५ नोव्हेंबर १८८७, मॉस्को – २६ जानेवारी १९४३, सारातोव्ह) हे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व आनुवंशिकीतज्ज्ञ होते. लागवडीखालील पिकांची उगमस्थाने निश्चित करण्याचे त्यांचे कार्य मूलभूत मानले जाते. ‘वाविला’ या जुन्या पुरुषनामावरून आलेले हे आडनाव (स्त्रीलिंगी रूप : वाविलोवा) विज्ञानाच्या इतिहासात निकोलाय आणि त्यांचे धाकटे बंधू, भौतिकशास्त्रज्ञ सेर्गेई, यांच्यामुळे विशेष परिचित झाले.

व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या निकोलाय यांनी मॉस्को येथे कृषिशिक्षण घेतले. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे अध्ययन करून १९१७ मध्ये ते सारातोव्ह विद्यापीठात प्राध्यापक झाले. रशियातील वारंवारच्या दुष्काळांवर कणखर वाणांची पैदास हाच उपाय आहे आणि त्यासाठी पिकांचे रानटी व स्थानिक वाण गोळा केले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, चीन, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत प्रवास केला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची विविधता सर्वाधिक, तेच त्याचे उगमस्थान, हा विचार त्यांनी १९२६ मध्ये मांडला. भात, ऊस, वांगे आणि आंबा यांच्यासाठी त्यांनी भारताकडे निर्देश केला. विविधता आणि उगम यांचा संबंध इतका सरळ नसतो, असे पुढील संशोधनात आढळले. लेनिनग्राड येथील त्यांच्या संस्थेतील बीजसंग्रह त्या काळी जगात सर्वांत मोठा होता.

आनुवंशिकीचे सिद्धान्त नाकारणाऱ्या त्रोफिम लिसेंको यांना स्टालिन यांचा पाठिंबा मिळाला. प्रारंभी वाविलोव्ह यांनीच लिसेंको यांच्या प्रयोगांना उत्तेजन दिले होते. नंतर मात्र त्यांनी उघड विरोध केला. ६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनमधील संशोधन दौऱ्यावर असताना त्यांना अटक झाली. १९४१ मध्ये ठोठावलेली मृत्युदंडाची शिक्षा पुढे २० वर्षांच्या कारावासात बदलण्यात आली. जेथे ते प्राध्यापक होते त्याच सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला.

त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. संस्थेतील अनेक सहकारी भुकेने मरण पावले, पण त्यांनी संग्रहातील धान्य खाल्ले नाही.

सेर्गेई १९४५ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि १९५१ मध्ये मृत्यूपर्यंत त्या पदावर होते. निकोलाय यांना १९५५ मध्ये मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आले. चंद्रावरील एका विवराला या दोन्ही बंधूंच्या स्मरणार्थ वाविलोव्ह हे नाव आहे.